कोपऱ्यातली हळद

ताई गेल्यावर भाचीने तिच्या आईच्या अक्षराची आठवण म्हणून एक जुनं पत्र मागितलं. मी ते स्कॅन करून पाठवलं, तर लगेच तिचा फोन. "मामा, तुमच्या स्कॅनरला कावीळ झालीय का? सगळं पान पिवळं आलंय. काच पुसा बरं!"

काच पुसली, झाकण दाबून धरलं, उजेड कमी-जास्त केला. पिवळेपणा हटेना. हातात धरलं की कागद जवळजवळ पांढराच दिसतो. मग यंत्राला एवढं पिवळं दिसतं तरी कुठून? शेवटी कृष्णधवल करून पाहिलं. पान लख्ख झालं, आणि काय पुसलं गेलं ते तेव्हा कळलं. शुभकार्याच्या पत्राला कोपऱ्यात लावतात ती हळद. इतकी वर्षं घडीत राहून ती चिमूट पानभर पसरली होती.

ताईने स्वतःच्या मनाने ठरवलेल्या लग्नाचं ते आमंत्रण. आईला मी ते दाखवलंच नाही. 'पोरीने कळवलंसुद्धा नाही,' असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि मी ऐकत राहिलो.

रंगीत प्रतच पुन्हा पाठवली. खाली लिहिलं, "काच स्वच्छ आहे गं. ही तुझ्या आईने लावलेली हळद आहे. तिने आम्हाला बोलावलं होतं. पत्र मी लपवलं."