सीटवरची निळी मॅट

सुचिताने सकाळी लोखंडी कपाटामागे हात घातला, तर हाताला नुसती भिंत लागली. व्यायामाची मॅट नव्हती.

उंद्रीच्या या घरात येऊन तिला चोवीस वर्षं झाली होती. स्वतःपुरती म्हणून तिने आणलेली ती पहिली वस्तू. निंदण, भाकरी, हंडे करता करता कंबर गेली. गोळ्या देऊन थकलेल्या डॉक्टरांनी तिला चिखलीच्या पायलकडे धाडलं. पायल पिलाटीस नावाचा व्यायाम शिकवायची. "ताई, श्वास सोडा, पोट आत घ्या, अन् एकेक मणका खाली टेकवा." सुचिताला हसूच आलं. आजवर पाठ म्हणजे एक सलग दुखणं होतं आणि पोट म्हणजे पदराखाली झाकायची लाज. नवरा ज्ञानेश्वर तर पाहुण्यांपुढे खुशाल म्हणायचा, "आमचं सोयाबीनचं पोतं." पाहुणे हसायचे. तीही हसायची.

चार महिन्यांत वजन काही फार उतरलं नाही. पण हंडा उचलताना कण्हणं थांबलं. चालताना मान वर राहू लागली. एकदा अंघोळीनंतर तिने आरशात आपलं पोट नीट पाहिलं. दोन बाळंतपणांचे वळ, ऑपरेशनची शिवण. त्याच पोटाच्या जोरावर ती आता पाय अधांतरी धरू शकत होती. तिने पदर सावकाश घेतला.

अडचण एकच. या घरात सुनेने सासू-सासऱ्यांच्या देखत दिवसा आडवं व्हायचं नसतं. ताप असला तरी भिंतीला टेकून बसायचं. म्हणून ती धान्याच्या खोलीत कडी लावून व्यायाम करायची, आणि बाहेरून मनकर्णाबाई, तिच्या सासूबाई, दाराला ऐकवायच्या, "दिवसाढवळ्या पाय वर करून पडते माय! असं पाह्यलं नाही कधी."

मॅट अंगणात सापडली. ट्रॅक्टरच्या सीटवर दोन निळे तुकडे सुतळीने आवळलेले, आणि त्यावर ज्ञानेश्वर.

"कापली तुम्ही?"

"लय मऊ हाय वं. दिवसभर माही कंबर भरून येते."

"अन् माही?"

"तुले काय, घरातच तं असते." तो हसला. "चटईच तं होती. पोत्यानं पोत्यावर करावा ना व्यायाम!"

या वेळी ती हसली नाही. विळा नेतानासुद्धा हा माणूस शेजाऱ्याला विचारतो. बायकोच्या वस्तूसाठी विचारायचं नसतं, कारण बायकोची वस्तूच नसते.

ती तरातरा बैठकीत आली. तिथे सतरंजी होती, पाहुण्या पुरुषांसाठी अंथरलेली. सासरे किसनराव पेपर वाचत होते. सुचिताने साडीचा काष्टा खोचला आणि सतरंजीच्या मधोमध आडवी झाली. डोकं उचललं, पाय उचलले, हात खालीवर हलवत मोठ्याने मोजू लागली. एक. दोन. तीन.

"अवं, मामाजी बसले ना!" मनकर्णाबाई किंचाळल्या.

"बसू द्या, आत्याबाई. मी शंभर मोजून राह्यली. आठ. नऊ."

किसनरावांनी पेपर तोंडासमोर धरला, मग चपला शोधत बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग ज्ञानेश्वर दारात आला.

"काय तमाशा लावला वं! लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. एकतीस."

"चहा?"

"चूल दिसते ना? बत्तीस."

पोट थरथरत होतं, मान भरून आली होती. पण पाय खाली येत नव्हते. आता आले असते, तर पुन्हा धान्याच्या खोलीतच गेले असते. साठाच्या आसपास ज्ञानेश्वर बाहेर गेला आणि एक तुकडा सोडवून घेऊन आला.

"घे. एकावर भागव."

"दोन्ही आणा," ती धापा टाकत म्हणाली. "अन् दाभण घेऊन बसा. पोतं शिवता येते ना तुमाले? एकाहत्तर."