रापणीतला एकच चेहरा

“तुज्या फोटोपायी यशवंत घरात बसलो आसा. आता तूच जा आणि घेवन ये तेका,” दोर ओढणाऱ्यांचे म्होरके भिकाजीदादा म्हणाले आणि दोर खांद्यावर टाकून चालू लागले.

मी देवबागच्या किनाऱ्यावर कॅमेऱ्यात रोल भरत होतो. संध्याकाळ व्हायला फार वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईचे प्रधान जीपने परत जाणार होते. त्यात हे!

प्रधान एका जाहिरात कंपनीचे आर्ट डायरेक्टर. मासेमारीची नायलॉन जाळी बनवणाऱ्या कारखान्याचं कॅलेंडर त्यांना करायचं होतं. मालवणात माझा स्टुडिओ. रोजचं काम म्हणजे पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी. पण मला एक खाज होती. एनलार्जरची, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्राची, जुनी लेन्स मी स्कूटरच्या ट्यूबच्या रबरात बसवून कॅमेऱ्याला जोडली होती. ती हाताने पुढेमागे करायची, हाताने वाकवायची. तिने काढलेले फोटो प्रधानांनी एका प्रदर्शनात पाहिले आणि थेट माझ्या दारात येऊन उभे राहिले. मुंबईचं काम! मी हुरळलो, दुसरं काय.

ह्या लेन्सची गंमत सांगतो. साधी लेन्स कॅमेऱ्यासमोर सरळ असते. ती ठरावीक अंतरावरचं स्पष्ट दाखवते. त्याच्या पुढचं-मागचं पुसट. लेन्स वाकवली की ही स्पष्टपणाची भिंत तिरकी होते. एका बाजूला वाकवा, रांगेतला एकच माणूस लख्ख दिसतो आणि बाकीचे धुरकट. प्रधानांना तेच हवं होतं. “एक चेहरा. बाकी सगळं स्वप्न,” असं ते म्हणाले.

चेहरा रापण ओढणाऱ्या यशवंतचा निवडला. वाळलेला, रेघांचा, डोळे बारीक. मी परवा एक रोल रंगीत काढला, चाचणीसाठी दुसरा ब्लॅक अँड व्हाइट. चाचणीचा मोठा प्रिंट रात्रीच करून दिला. प्रधान इतके खूश झाले की काल सकाळी तो प्रिंट घेऊन स्वतः किनाऱ्यावर गेले आणि सगळ्यांसमोर यशवंतच्या हातात दिला. टाळ्याही त्यांनीच वाजवल्या.

आता रापण म्हणजे काय ते ऐका. होडीतून समुद्रात भलंमोठं जाळं अर्धगोल सोडतात. त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर असतात. माणसं रांगेने दोर धरून, समुद्राकडे तोंड करून, मागे मागे सरकत जाळं ओढतात. दोराला हात लावला त्याला वाटा. म्हातारा असो, उशिरा आलेला असो. एकाची रापण कधी नसते. हे मला शेंबडा असल्यापासून माहीत, आणि तरी मी रांगेतला एकच माणूस ठेवून बाकीचे पुसले!

मी घरी गेलो तेव्हा यशवंत अंगणात जाळं शिवत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

“माका हिरो म्हणतत,” तो म्हणाला. “काल दोर माज्या हातातसून काढून घेतल्यानी. तू बस म्हणे, तुजो फोटो आसा.”

“मस्करी केली असतली रे.”

“मस्करी? दादा पण हसाक नाय.” त्याने सुतळी दाताने तोडली. “तो रंगीत फोटो मुंबैत छापतले?”

“व्हय.”

“मगे झाला. दुकानादुकानात मी एकटो. माका दोराक कोण हात लावूक देतलो?”

मी उठलो, बसलो, परत उठलो. शेवटी म्हटलं, “आज सगळ्यांचो काढतंय. एकूण एक तोंड दिसतला. तू चल.”

“आणि तो पयलो?”

“तेचा मी बघतंय.”

काय बघणार होतो, माझं मलाच ठाऊक नव्हतं. पण तो उठला.

उजेड समुद्राकडून सरळ तोंडावर येत होता. मी ट्रायपॉड पाण्याच्या कडेला रोवला आणि दोराच्या रांगेकडे कॅमेरा वळवला. यशवंतला कोणी जागा देईना. भिकाजीदादा खेकसले, “सरका रे मेल्यांनो!” तेव्हा दोन गडी सरकले आणि तो मध्ये घुसला.

परवा लेन्स रांगेपासून दूर वाकवली होती. आज रांगेच्या दिशेने वाकवायची. म्हणजे ती तिरकी भिंत बरोबर दोरावरून पडते आणि जवळच्या माणसापासून सुरूच्या झाडांजवळच्या शेवटच्या माणसापर्यंत सगळे स्पष्ट. बोलायला सोपं! प्रत्येक लाट ट्रायपॉडखालची वाळू ओढून नेत होती. पुढचा चेहरा जुळला की मागचा जायचा. गुडघ्यापर्यंत भिजलो, रबर हातातून सटकत होतं, मी तोंडाने काय काय बोलत होतो ते इथे लिहीत नाही. एका लाटेनंतर कसं कोण जाणे, सगळी रांग एकदम उघडली. प्रत्येकाचे दात आवळलेले दिसले. मी बटण दाबलं, रोल संपेपर्यंत दाबत राहिलो.

सकाळी ओला प्रिंट घेऊन लॉजवर गेलो. प्रधानांनी तो खिडकीपाशी धरला.

“सुंदर आहे. पण हा ग्रुप फोटो झाला हो. नजर कुठे थांबवायची?”

“थांबवायची नाही. दोरावरून जाऊ द्यायची.”

“असं कॅलेंडर चालत नाही. तो आधीचा रंगीत रोल द्या, मी निघतो.”

“त्या माणसाला तो नकोय.”

“त्याला काय कळतंय? उलट प्रसिद्ध होईल! तुम्हीसुद्धा.”

हे ‘तुम्हीसुद्धा’ मला लागलं. कारण ते मला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. रोल अजून धुतलेला नव्हता, खिशातच होता. मी आणखी विचार केला असता तर देऊन टाकला असता. म्हणून विचार केला नाही. फिल्म डबीतून ओढली आणि खिडकीतल्या उन्हात धरली; सगळे फोटो जळून गेले.

प्रधानांनी बॅग उचलली. मग म्हणाले, “वेडे आहात तुम्ही.” जीप गेली. काम गेलं. मुंबईहून पुन्हा कोणी आलं नाही. त्या कॅलेंडरवर पुढे एक गोरागोमटा मॉडेल छापून आला, जाळं शालीसारखं पांघरून.

मी प्रिंट घेऊन देवबागला गेलो. रापण चालू होती. यशवंत रांगेत होता. मी फोटो दाखवायला पुढे झालो, तर तो ओरडला, “तो ठेव थंय वाळूत! आधी दोर धर, जाळा जड आसा!”

धरला. हाताची सालटं निघाली.

धंद्यात शिकलो ते एवढंच: गिऱ्हाईक चेहरा निवडतो, पण त्या चेहऱ्याला उद्या कामावर कोणाच्या शेजारी उभं राहायचंय, ते फोटोवाल्याने आधी विचारावं.