पेंटरच्या हातची भिंत

आमच्या वृद्धाश्रमात बुधवारी कवितेचा तास असतो. शिकवणाऱ्या बाई लेकीच्या वयाच्या, पण आमच्याशी बोलतात बालवाडीत बोलल्यासारख्या. मी गुडघेदुखीवर चार ओळी लिहिल्या, तर त्यांनी गुडघ्याच्या जागी फुलपाखरू घातलं. म्हटलं, उडू दे बापडं.

माझ्या शेजारच्या खाटेवरच्या पेंटरला असं सोडून देऊन भागणार नव्हतं. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. अक्षर मोत्यासारखं, बोलायच्या नावानं मात्र शंख. मुलगा महिन्याला येऊन विचारायचा, "बाबा, करमतं ना? नसेल तर सांगा, घरी नेतो." आणि हा गाढव म्हणायचा, "मजेत आहे." मुलगा गेला की भिंतीकडे तोंड करून पडायचा.

येत्या रविवारी मुलगा कायमच्या प्रवेशाचा अर्ज भरायला येणार होता. तोंडानं जमेना ते पेंटरनं कवितेत लिहिलं: "पोरा, खोली नको, जिन्याखाली जागा दे, पण घरी ने." आधी मला वाचायला दिली. "भिंतीवर येईल. तो वाचेल," म्हणाला.

रविवारी पाहुणे येणार म्हणून सगळ्यांच्या कविता हॉलच्या भिंतीवर लिहायच्या होत्या. बाईंनी पेन्सिलीनं अक्षरं आखून ठेवली, रंग भरायचं काम पेंटरचं. पेंटर डावखुरा. ओला रंग हातानं पुसला जाऊ नये म्हणून तो प्रत्येक ओळ शेवटच्या अक्षराकडून उलटी रंगवायचा. जन्मभराची सवय. रंगवताना त्याला शब्द दिसतच नसत, नुसते आकार दिसत.

आपली कविता त्यानं शेवटी घेतली, रविवारी सकाळी, सगळ्यात ठळक लाल रंगात. मग स्टुलावरून उतरला, चार पावलं मागं आला आणि तोंड उघडं टाकून उभा राहिला. भिंतीवर होतं: "पोरा, काळजी नको, इथंच मला घर मिळालं." खाली त्याचंच नाव.

मी तडक बाईंना गाठलं. त्या हसून म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर रडकं कसं चालेल, आजोबा?" असा संताप आला की काठीच उगारली असती.

मागं वळलो तर मुलगा येऊन पोचला होता. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"बाबा, तुमचा हात लांबूनच ओळखला. फार घोर लागला होता जिवाला. आता निर्धास्त सही करतो."

मी बोलणार, तेवढ्यात पेंटरनं माझं मनगट घट्ट दाबलं. लाल बोटं उठली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि माझं तोंड दाबणारा मार खाणाराच.

मुलानं खिशातून पेन काढलं आणि सही करायला अर्ज भिंतीला टेकवू लागला.

"तिथं नको," पेंटर म्हणाला. "रंग ओला आहे अजून."