दिसत नाई

ओल्या बांबूचा वास आला की मले डोळ्यांच्या तपासणीचा दिवस आठवते. मी तेव्हा बांबूचा ट्रक चालवत होतो, अन् लायसन रिन्यू कराले डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. दवाखान्यात आम्हा ड्रायव्हरांची रांग, अन् समोर भिंतीवर काळ्या अक्षरांचा तक्ता. डॉक्टरनं आधीच इचारलं, "भाऊ, वाचता येते ना? नसंल येत तं चित्रांचा तक्ता लावतो." मांगं सारे चहाटपरीवरचे सोबती उभे होते. त्यांच्यापुढं मी रोज सकाळी पेपर उघडून बसत होतो. मी म्हटलं, "येते ना." "मंग वाचा." अक्षराची एक एक दांडी मले साफ दिसत होती, पण वाचू कसा? "दिसत नाई," मी म्हटलं. सगळ्यात मोठ्या ओळीलेही तेच म्हटलं. लायसन गेलं, ट्रक गेला, अन् घरी सगळ्यायले वाटलं का बाबाचे डोळे गेले. काल आरमोरीच्या बाजारात रस्ता ओलांडताना लेकीनं माहा हात धरला. "बाबा, थांबा, बांबूचा ट्रक येऊन राह्यला." तो मले पार वळणावरच दिसला होता. मी म्हटलं, "बरं झालं सांगतलं, माय."