दीड तास थंड राहिलेला कॉम्प्युटर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आकुर्डी स्टेशनबाहेर भर उन्हात उभं राहून बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटलेली मुलगी आहे मी. आमच्या ऑफिसच्या दारावरची लिंबू-मिरची मीच तोडून टाकली. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय... पण झालं ते झालं.

ठिकाण भोसरी एमआयडीसी, आमच्या कामगार संघटनेचं ऑफिस. एका वर्कशॉपच्या वरची पत्र्याची खोली, त्यात प्रिंटर आणि एक जुना डेस्कटॉप. वार गुरुवार. इथे गुरुवार म्हणजे सुट्टी – प्रेस बंद, कॉम्प्रेसर बंद, दुकानांची शटरं खाली.

दुपारी तीनला कामगार न्यायालयात कुसुमताईंच्या भरपाईची सुनावणी होती. कुसुमताई परभणीकडच्या. पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकाचं म्हणणं, ही बाई झाडूवाली, हिने मशीनला हात लावलाच का? चार वर्षं प्रेस चालवलेल्या बाईला झाडूवाली ठरवायचं, म्हणजे चूक तिचीच! त्या मशीनवर होत्या याचा एकच पुरावा – रोजची प्रॉडक्शन कार्डं, त्यांच्या नावाची, सुपरवायझरच्या सहीची. ती आम्ही वेळेवर स्कॅन केली. मूळ कार्डं नंतर कंपनीतून गायब झाली. स्कॅन केलेली होती ती फक्त या डेस्कटॉपवर. ‘प्रत्येक कागदाची दुसरी प्रत ठेवा’ हे पत्रक मीच लिहिलंय. आम्ही ठेवली नव्हती. हसा खुशाल.

कॉम्प्युटर आठवडाभर गिरणीसारखा घरघरत होता. त्या सकाळी तर चालू केला की फोल्डर उघडायच्या आतच तापून बंद. तीनदा तेच. रिपेअरवाल्याचा फोन बंद, दुकानाला कुलूप.

मग दत्ताकाकांना बोलावलं. काका भोसरी गावातलेच, कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले फिटर. त्यांनी बाजूचं पॅनल उघडलं तर आत वाळलेला झेंडू आणि हळद-कुंकवाचा थर. खंडेनवमीला इथे सगळ्या मशिनींची पूजा होते, तशी आमच्या कॉम्प्युटरचीही झाली होती.

“ह्यो कंप्युटर हाय का देव्हारा?” काका म्हणाले.

“पूजा तुम्हीच केली होती, काका.”

“म्या नुसतं कुंकू लावलं व्हतं. त्याच्या नाकात हार तुमच्या पोरांनी कोंबला.”

कोपऱ्यात येऊन बसलेल्या कुसुमताई पदराआड हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

तेवढ्यात वकिलांचा फोन आला म्हणून मी कुसुमताईंना घेऊन बाहेर गॅलरीच्या टोकाला गेले. वीसेक मिनिटांनी आत येऊन बघते तर पॅनल लावलेलं, काका गायब, खाली त्यांची स्कूटरही नाही. म्हटलं, काम झालं. चालू केला.

घरघर नाही. एकसारखा, मऊ, फॅन फिरल्याचा आवाज. फोल्डर उघडलं. प्रिंटर चालू झाला. प्रत्येक कार्डाच्या तीन प्रती काढायच्या होत्या आणि आमचा प्रिंटर म्हणजे बैलगाडी. कुसुमताई स्टुलावर बसून कॅबिनेटवर तो अधू हात ठेवून होत्या. दर थोड्या वेळाने मी विचारायचे, तापलाय का?

“न्हाई ताई. गार हाय की. माठावानी.”

दीड तास. शेवटचा कागद बाहेर येत असताना काका घामाघूम होऊन आले.

“अख्खी भोसरी पालथी घातली. येक दुकान उघडं न्हाई. नवा फॅन कुटंच मिळंना.”

“कशाला फॅन? हा काय, चालू आहे की.”

 काकांनी टेबलाखालचं वर्तमानपत्र बाजूला केलं. खाली प्लास्टिकचा डबा, डब्यात डिझेल, आणि डिझेलमध्ये बुडवलेला आमचा फॅन. बेअरिंग वाजलं की डिझेलमध्ये टाकायचं, ही आयुष्यभराची सवय. आणि उघडं मशीन सोडून जायचं नाही ही टूलरूमची शिस्त, म्हणून जाताना पॅनल लावून गेले. फॅनशिवाय कुणी चालू करील असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पॅनल काढलं. आत फॅनची जागा रिकामी. आवाज मात्र येत होता... तिघांनाही. काकांनी आतल्या पत्र्यांना बोट लावलं आणि हात झटकन मागे घेतला.

“बर्फ हाय, पोरी.”

मी कॉम्प्युटर बंद केला. आवाज थांबला.

सुनावणीत कार्डं दाखल झाली. कुसुमताईंच्या जबाबात ‘प्रेस ऑपरेटर’ असं लिहिलं गेलं. ते दोन शब्द त्यांनी मला तीनदा वाचून दाखवायला लावले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फॅन न लावता कॉम्प्युटर चालू केला. विंडोज उघडायच्या आत बंद. रिपेअरवाल्याने तपासलं – प्रोसेसर गार ठेवणाऱ्या पेस्टच्या जागी काकांनी चक्क बेअरिंगचं ग्रीस थापलेलं, आणि पॉवर सप्लायचा छोटा फॅन कधीचाच जाम. म्हणजे आवाज तिकडूनही नव्हता. “मॅडम, दीड तास शक्यच नाही. तुमचा काहीतरी घोळ होतोय.” मी त्याला कागदांचा गठ्ठा दाखवला. त्याने नवा फॅन बसवला आणि निघून गेला.

काका म्हणतात देवाची करणी. मी म्हणत नाही. कुसुमताईंना विचारलं तर म्हणाल्या, “असंल कुनीतरी. आपल्यासाठी बसलं जरा येळ.” 

त्या दीड तासाचा खुलासा माझ्याकडे आजही नाही. कुसुमताईंच्या बोटांचा आहे – हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर मालकाने प्रॉडक्शन वाढवायला काढून ठेवला होता. तो खुलासा मात्र अजून कोणी मागितलेला नाही.