आधी दोरा तोंडात धर!

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगते, पोटात राहतच नाही!

"आधी दोरा तोंडात धर!" आमच्या नांदेडच्या घराखाली टेलरचाचांचं दुकान होतं. अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा म्हटलं की सुईच्या आधी हे वाक्य निघायचं. दोऱ्याचा तुकडा दातात धरल्याशिवाय कुणाचंच बटण लागायचं नाही.

"का हो चाचा?"

"नाहीतर कपड्यासंगं अक्कल बी शिवल्या जाते. तुझी तर आधीच थोडी हाय."

तर हे चाचा यिद्दिश शिकत होते. हाव, यिद्दिश! मोबाईलवर एका म्हाताऱ्या शिंप्याचा व्हिडिओ लागला. खाली अक्षरं उर्दूसारखी उजवीकडून डावीकडं चाललेली, पण बोलणं भलतंच. मग मी शोधून वाचून दाखवलं. हजारेक वर्षांपूर्वी जर्मनीत नदीकाठी राहिलेल्या ज्यू लोकांची ही भाषा. बोली जर्मन वळणाची, लिपी हिब्रू, आणि ते पूर्वेकडं सरकत गेले तसे पोलिश-रशियन शब्दही आत आले.

चाचांनी मशीनच थांबवली. "अगं, ही तर आपल्या दखनी उर्दूची बहीण! जिथं राहिली तिथलं घेत गेली."

महायुद्धात ती बोलणारी लाखो माणसं मारली गेली, हे वाचलं तेव्हा चाचा मात्र कात्रीच पुसत बसले.

"आता कोण बोलतं?"

"न्यूयॉर्कात, जेरुसलेमात काही वस्त्यांमध्ये घरोघरी बोलतात. लहान पोरंपण."

"पोरं भांडतात का तिच्यात?"

"भांडत असतीलच की!"

"मग जित्ती हाय. लाव क्लास."

दर रविवारी संध्याकाळी ऑनलाइन वर्ग. चाचा वहीभर लिहायचे, पण कॅमेरा बंद, आवाज बंद. "आपण सातवी पास. हसतील सगळे." चार महिने हेच! शेवटी बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारी जो बोलणार नाही, त्याची जागा दुसऱ्याला.

चाचांनी वही माझ्या हातात ठेवली. "ठेव तुला. आपलं झालं."

मी कसली ऐकते! रविवारी बळंच कॅमेरा-आवाज दोन्ही लावले. चाचांची पाळी आली, आणि चाचा गार. मी वही पुढं करायला वाकले तर मशीनच्या चाकात बाही अडकून माझं बटण तुटलं. चाचांचा हात आपसूक सुईकडं.

"आधी दोरा तोंडात धर!"

मी धरला. आणि स्क्रीनवरची, वर्गातलीच न्यूयॉर्कची एक आजी खुर्चीतून उठलीच! "सेखल! सेखल!" सेखल म्हणजे यिद्दिशमध्ये अक्कल. तिचे वडील शिंपी होते, आणि तिची आई अगदी अस्साच दोरा धरायला लावायची, नाहीतर अक्कल शिवली जाते म्हणून!

चाचा सुई हातात तशीच धरून तिला उत्तर देऊ लागले. यिद्दिशमध्ये! अडखळत, मध्येच दखनी घुसवत. वीस मिनिटं! आणि तेवढा वेळ दोरा माझ्या तोंडात, बटण लोंबतंय.

यंदा चाचा लातूरला लेकीकडं राहायला गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात.

आत्ता लग्नाला निघताना माझी शिवण उसवली. घाईत अंगावरच टाका घालायला घेतला, आणि आरशात बघते तर दोरा आधीच दातात! फोटो काढून चाचांना पाठवला. लगेच त्यांचा व्हॉइस मेसेज आला, "सेखल शाबूत हाय ना गं?" आणि मागं ती आजी खो खो हसतेय. रविवार ना आज, क्लास चालू!

तुमच्याकडं पण धरायला लावायचे का हो दोरा? कोण लावायचं?