अण्णांचा न घेतलेला जनरेटर

जनरेटरवर इतकं प्रेम करून एकही जनरेटर विकत न घेतलेला माणूस अख्ख्या बंगळुरात आमच्या घरमालकांशिवाय दुसरा नसेल. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो. ते मूळचे निपाणीकडचे, यशवंतपूरच्या एका पंपांच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि त्यांच्या बायकोला अक्का म्हणायची, म्हणून पुण्याहून आलेला मीही तेच म्हणू लागलो. निवृत्तीनंतर अण्णांनी एक जुनी बारा आसनी गाडी घेतली, आतली आसनं काढून स्वतःच्या हातानं पलंग, ओटा आणि फळ्या बसवल्या. अक्कांनी खिडक्यांना पडदे शिवले. या फिरत्या घरातून दोघं कारवारला जाणार होते, कारण अक्कांनी साठी उलटली तरी समुद्र पाहिला नव्हता. गाडी तयार होती, फक्त विजेचं ठरायचं होतं. अक्कांना दमा होता, दिवसातून दोनदा वाफेचं मशीन लागायचं. ‘रस्त्यात वीज नसली तर?’ या एका प्रश्नापाशी ती गाडी दारात चार वर्षं उभी होती.

पेट्रोलचा जनरेटर घ्यावा, तर त्याला धूर. दम्याच्या माणसाच्या सोयीसाठी धूर सोडणारं यंत्र सोबत न्यायचं, हे अण्णांच्या मनाला पटेना. गॅसवरचा घ्यावा, तर सिलिंडर पलंगाखाली येणार आणि त्या पलंगावर झोपायला अक्का तयार नाहीत. छपरावर सोलर लावावं, तर अण्णा जन्मात कधी गाडी उन्हात उभी करणार नाहीत. डॉक्टरांनी बॅटरीवर चालणारं छोटं मशीन सुचवलं होतं; त्यावर अण्णा म्हणाले, “बॅटरी म्हणजे गोड बोलणारा पाहुणा हो, कधी उठून जाईल नेम नाही.” एका रविवारी त्यांनी मीटरसमोर स्टूल टाकलं आणि घरातली एकेक वस्तू अक्कांना चालू-बंद करायला लावली. मला हाक मारून म्हणाले, “बघा, मिक्सर सुरू होताना दुप्पट ओढतोय, पहिल्या दिवाळीच्या जावयासारखा. मग होतोय गप्प. जनरेटर घ्यायचा तो त्या पहिल्या क्षणासाठी.” आतून अक्का म्हणाल्या, “समुद्रावर मिक्सर कशाला वो?” “चटणी नको व्हय?” “चटणी मी घरातनं करून घेते की!” पण मिक्सर यादीतून निघाला नाही.

लग्नाला गेले की अण्णा अक्षता टाकून थेट कार्यालयाच्या मागच्या बाजूला जात. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात घरच्यांचा फोटो त्यांच्यासाठी अर्धा तास खोळंबला. शेवटी मीच शोधायला गेलो, तर हे जरीच्या उपरण्यात जनरेटरच्या अंगावर तळवा ठेवून, डोळे मिटून उभे. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे हळूच म्हणाले, “स्वल्प उपाशी चाललंय इंजिन.” एकदा दुकानदाराकडून दोन दिवसांच्या बोलीवर एक जनरेटर आणला. अक्कांना भर दुपारी गाडीत झोपवलं, पडदे ओढले आणि स्वतः दोरीनं अंतर मोजत जनरेटर एकेक पाऊल लांब नेऊ लागले. दर पावलाला विचारत, “आता ऐकू येतंय?” आठव्या पावलाला पडद्याआडून अक्का म्हणाल्या, “जनरेटर केव्हाचा ऐकू येईना झालाय, तुमचाच आवाज येतोय.” गल्ली हसली, अण्णाही हसले, आणि तिसऱ्या दिवशी जनरेटर परत गेला.

तरीही एकदा त्यांचं ठरलं होतं. हे मी सांगितलंच पाहिजे. आवाज कमी असलेला, धूर लांब नेणारी नळी जोडता येईल असा एक जनरेटर यशवंतपूरला मिळाला होता. शनिवारी आणायचा आणि सोमवारी निघायचं, असं पक्कं झालं. शुक्रवारी सकाळी अण्णा वर आले. माझी ऑफिसची मीटिंग चालू होती, एका कानात इअरफोन. त्यांनी विचारलं, “घेऊ ना, साहेब? तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला कळतंय.” मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हणालो, “अण्णा, घाई कशाला? बॅटरीची पॉवर स्टेशनं दर वर्षी सुधारतायत. पुढच्या वर्षी निम्म्या वजनाचं, दुप्पट ताकदीचं मिळेल. थांबा की.” अण्णांचा चेहरा एकदम मोकळा झाला. खाली जाऊन त्यांनी सांगितलेलं मला जिन्यातून ऐकू आलं, “साहेब थांबा म्हणतायत.” थोड्या वेळानं अक्का वर आल्या, हातात प्रवासासाठी केलेल्या चिवड्याचा डबा. “सरी, बरं, मग आता हे घरातच खाऊया,” असं म्हणून त्यांनी अर्धा चिवडा माझ्या डब्यात ओतला. मी तो मीटिंगमध्येच खाल्ला. फार छान झाला होता.

पुढचं वर्ष आलं, पण अक्कांचा दमा त्याच्या आधी वाढला. दोनदा इस्पितळात राहून आल्या. लांबचा प्रवास आता नको, असं डॉक्टरांनी बजावलं. एका सकाळी त्या स्वतःच गाडीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “कारवार राहू दे. आज कुठंतरी न्या मला.” मलाही बोलावलं. आम्ही देवनहळ्ळीच्या किल्ल्याकडे निघालो. अक्का वाटभर खिडकीतून नव्या इमारती आणि मधेच उरलेले द्राक्षांचे मळे बघत होत्या. किल्ल्याजवळ पोचता पोचता त्यांना धाप लागली. अण्णा स्टीअरिंगवर हात ठेवून थिजले. मी उतरून समोरच्या छोट्या हॉटेलात धावलो आणि मोडक्या कन्नडमध्ये प्लग आहे का विचारलं. मालकीणबाई डोसा तव्यावरच टाकून आल्या. “बन्नी, बन्नी,” असं ‘या, या’ म्हणत त्यांनी खिडकीतून लांब वायर बाहेर सोडली. वाफेचं मशीन सुरू झालं आणि दहा मिनिटांत अक्कांचा श्वास जागेवर आला. बाईंनी त्यांना कॉफी दिली, शेजारी बसून विचारपूस केली. दोघींचं कन्नडमध्ये माहेरापर्यंत बोलणं पोचलं.

अण्णा गाडीच्या पायरीवर बसून त्या वायरकडे बघत होते. मला म्हणाले, “कारवारपर्यंत अशी किती हॉटेलं लागतात हो वाटेत? रस्त्यात माणसं राहतात, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.”

त्यानंतर चार महिन्यांनी अक्का गेल्या. इस्पितळात, सगळी यंत्रं नीट चालू असताना.

दिवसकार्य उरकल्यावर अण्णा एकटेच रेल्वेनं कारवारला गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. पायऱ्यांवर बसून चपलांतली वाळू झटकत होते. मी विचारलं, “कसा होता समुद्र?” “मोठा आहे,” ते म्हणाले. मग मला राहवलं नाही. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, “अण्णा, तेव्हा मी तुम्हाला थांबा म्हणायला नको होतं.”

त्यांनी दुसरी चप्पल शांतपणे झटकली. “तुम्ही नसता म्हणाला, तर मी समोरच्या किराणावाल्याला विचारलं असतं. तोही घ्या म्हणाला असता, तर आणखी कुणाला. तिला वाटेत काही झालं तर, ही भीती होती मला. जनरेटर आपला नावाला. ती आधीच ओळखून होती, पण कधी बोलली नाही.”

समोरून भाजीवाला ओरडत गेला. मग अण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“आत या, कॉफी करतो. शिकलोय आता. स्वल्प पातळ होते, पण होते.”